हरवलेल्या मालाची भरपाई

इंटरनेटवरील बाजारपेठेमुळे टोकावड्यात बसून दिल्लीच्या गिऱ्हाईकाला माल विकता येतो. परंतु वाटेत माल हरवला किंवा फुटला तर नुकसान कोणाचे, हे धंद्यात उतरण्यापूर्वीच समजून घेतले पाहिजे.

अशा कंपन्यांची मोठमोठी गोदामे आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडी परिसरात आहेत. विक्रेता तेथे माल पाठवतो, कंपनी तो सांभाळते व ऑर्डर येताच रवाना करते. विकला जाईपर्यंत माल विक्रेत्याच्याच मालकीचा असतो. कंपनी केवळ राखणदार. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 151 सांगते की, राखणदाराने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यावी. मात्र कलम 152 प्रमाणे, एवढी काळजी घेऊनही माल गेला तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार नाही. म्हणूनच कंपनीशी केलेला करार हाच भरपाईचा खरा आधार होय.

समजा, एका बचत गटाने 200 कापडी पिशव्या पाठवल्या आणि गोदामात 194 च नोंदल्या गेल्या. एका पिशवीचा खर्च 60 रुपये, विक्रीची किंमत 150 रुपये. मग सहा पिशव्यांचे 900 रुपये मिळतील की 360? ते करारातील अटींवर ठरते. अमेरिकेत ॲमेझॉनने मार्च 2025 पासून गोदामात हरवलेल्या मालासाठी विक्रीच्या किमतीऐवजी माल मिळवण्याचा खर्च धरण्यास सुरुवात केली. अशा वेळी खरेदीची पावती हाच आपला पुरावा.

काही भरपाई आपोआप जमा होते, पुष्कळदा ती मागावी लागते. मागणीला मुदत असते. ती टळली की पैसे गेलेच म्हणून समजा. यासाठी चार गोष्टी पाळाव्यात :

1) माल मोजून, फोटो काढून पाठवावा, चलनाची प्रत ठेवावी.
2) परत आलेले पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा.
3) पाठवलेला, विकलेला व शिल्लक माल यांचा मेळ दर आठवड्याला घालावा.
4) हरवलेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट कायद्याने परत करावी लागते, हे विसरू नये.

बँकेत काम करताना एक गोष्ट रोज दिसते. कर्ज काढून घेतलेला माल हरवला, तरी त्यावरचे व्याज थांबत नाही. तेव्हा घरातील शिकलेल्या मुलामुलींनी करार वाचून दाखवावा आणि हिशोबाची वही सांभाळावी. शिक्षणाचा याहून रोकडा उपयोग तो कोणता?