मंडईच्या पाटीतला माणदेश

पुण्याच्या मंडईत ज्या वाचकांचे जाणे-येणे आहे, त्यांनी तेथील फळांच्या पाट्या पुष्कळदा पाहिल्या असतील. १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने उघडलेली व पुढे महात्मा फुले यांचे नाव धारण केलेली ही मंडई होय. तिचा घाऊक व्यापार गुलटेकडीस गेला, तरी किरकोळ गिऱ्हाइकाची वर्दळ अद्याप आहे. आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. पीकपाहणी व पैसेवारीची पत्रके लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे पाटीतले फळ पाहिले की त्यामागची जमीन व पाऊसमान आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

गेल्या चैत्रात एका गाळ्यावर पुरंदरचे अंजीर व सांगोल्याचे डाळिंब शेजारी-शेजारी मांडले होते. भाव करणारे एक गृहस्थ आम्हांस म्हणाले, “काहो, तिकडे तर प्यायला पाणी नाही म्हणतात. मग इतके रसाळ फळ येते कोठून?” प्रश्न मार्मिक होता. उभ्या-उभ्या उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

नैर्ऋत्येचे वारे समुद्रावरून येतात ते सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात व आपला बहुतेक भार घाटमाथ्यावरच उतरवितात. पूर्वेस उतरताना ते कोरडे झालेले असतात. महाबळेश्वर व दहिवडी ही दोन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यातील. सरळ रेषेने अंतर सुमारे शंभर किलोमीटर. परंतु महाबळेश्वरी वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तर दहिवडीकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला हा सारा मुलूख असा डोंगराच्या पर्जन्यछायेत सापडला आहे. जैसलमेरास दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, त्या मानाने हे वाळवंट नव्हे हे खरे. परंतु येथील पाऊस लहरी. आषाढ-श्रावण कोरडे जावेत आणि परतीच्या पावसाने चार दिवसांत ओढे भरून वाहावेत, असा अनुभव नेहमीचा.

या लहरीशी जुळवून घेऊनच तेथील संसार उभा राहिला आहे. माणगंगा वर्षातील बराच काळ वाळूचेच पात्र. म्हणून काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल धरून रब्बीची ज्वारी पेरावयाची; तिचा दाणा माणसास व कडबा जनावरास. माळरानावर गवत तोकडे, म्हणून मेंढरे. पाऊसकाळात कोरड्या माळावर राहणारे कित्येक धनगर बांधव दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन घाटाखाली उतरतात. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढरे आपल्या रानात बसवून घेतात. खिलार बैल काटक व चपळ निपजला तो याच मुलखात. जमिनीने ज्यांस पोसले नाही, त्यांपैकी विटे-खानापूर-आटपाडीकडील पुष्कळ जण सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात हिंदुस्थानभर पसरले.

आता फळांचे उत्तर. डाळिंबाच्या झाडाचे पाणी काही काळ तोडून त्यास ‘ताण’ द्यावा लागतो. मग पाणी दिले असता झाड एकदम फुलावर येते. जेथे सतत पाऊस, तेथे हा ताण बसत नाही; शिवाय दमट हवेत तेल्या रोग बळावतो. अंजिराचेही तसेच. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पिकलेले फळ गोड, पावसात सापडलेले पाणचट. म्हणजे, ज्या कोरडेपणास आपण दैवाचा कोप म्हणतो, तोच या फळांचे भांडवल आहे.

परंतु येथेच आम्हांस काळजी वाटते. १९७२ साली दुष्काळ पडला तेव्हा धान्य नव्हते, पण बहुतेक गावी विहिरीचा तळ पाणी देत होता. २०१२–१३ साली धान्य बाजारात होते, मात्र पाण्यासाठी टँकर व जनावरांसाठी छावण्या उभाराव्या लागल्या. मधल्या चाळीस वर्षांत विंधन विहिरींनी जमिनीच्या पोटातील शिल्लक उपसली गेली. एका गावच्या पाहणीत आम्ही दोन शेजारी पाहिले. एकाने विंधन विहिरीच्या जोरावर ज्वारी मोडून ऊस लावला. तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली, ऊस वाळला व बैलजोडी विकावी लागली. दुसऱ्याची ज्वारी निम्मीच आली, परंतु कडब्याच्या गंजीवर त्याची जनावरे दावणीस राहिली. आमच्या पत्रकात दोघांच्या गावची पैसेवारी एकच, पन्नास पैशांच्या आत. त्या आकड्यात हा फरक कोठेच दिसला नाही, याची खंत आम्हांस अजून आहे.

आज कराडजवळ टेंभू येथे उचललेले कृष्णेचे पाणी आटपाडी-सांगोल्याकडे पोहोचले आहे. ही मोठीच गोष्ट होय. या पाण्यासाठी तेथील लोकांनी वर्षानुवर्षे झगडा केला. मात्र पाणी आले म्हणजे मुलूख बदलला असे नव्हे. डोंगर जागचा हलला नाही व पाऊसही वाढला नाही. तरी शेतकरी बंधूंस आमची विनंती अशी की, हे पाणी उसास पाजून संपवू नये. ज्वारी पोटरीत असता एक संरक्षित पाणी द्यावे. फळबागेस ठिबकनेच द्यावे. शेततळे भरून ठेवावे. आणि थोडे रान कडब्यासाठी राखावेच. कोरडवाहू शेतीच्या संशोधनास १९२३ साली पुण्याजवळच मांजरी येथे आरंभ झाला व १९३३ साली सोलापुरास त्याचे केंद्र झाले. ओल टिकविण्याची विद्या आपल्या दाराशी इतकी जुनी आहे.

मंडईतील त्या गृहस्थांस आता आमचे उत्तर असे : महाराज, ते फळ थोड्या पाण्याचे आहे म्हणूनच रसाळ आहे. त्याचा भाव करताना ते थोडे पाणी राखणाऱ्या हातांचेही मोल मनात धरावे.