बालवर्गाचा जमाखर्च

घरातले मूल तीन वर्षांचे होऊ लागले, की आप्तेष्टांकडून दोन प्रश्न हमखास येतात. "स्पष्ट बोलू लागला का?" हा पहिला, आणि "कुठल्या शाळेत घालणार?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मूल स्वतःच देऊन टाकते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना आम्हा उभयतांना व आमच्या मुला-सुनेला जो अनुभव आला, तो वाचकांपुढे ठेवावा असे पुष्कळ दिवस मनात होते. चौकशी करता बडोद्यातल्या अनेक घरांतून थोड्याफार फरकाने तीच कहाणी ऐकू आली, तेव्हा लेखणी उचलली.

आमच्या नातवासाठी आम्ही गोत्रीच्या बाजूची एक खाजगी बालशाळा पाहिली. भिंतींवर हत्ती-ससे रंगविलेले, अंगणात वाळूचा हौद, घसरगुंडी, आणि दाराशी हसतमुख बाई. त्यांनी एक गुळगुळीत कागद हाती दिला. वार्षिक शुल्क 36,000 रुपये, प्रवेश शुल्क 5,000 रुपये, एकूण 41,000. आकडा ऐकून आम्ही जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले, पण सूनबाई म्हणाली, "आई, आवर्ती ठेव एप्रिलमध्ये सुटते आहे. तेवढ्यात बसेल." मुलाने मान डोलावली आणि त्याच दिवशी पैसे भरले गेले. कागदावर याखेरीज काही आहे का, हे विचारावे असे आम्हां चौघांपैकी एकालाही सुचले नाही.

मग जून उजाडला. पहिल्याच आठवड्यात 'उपक्रम शुल्क' म्हणून 4,500 रुपयांची चिठ्ठी आली. पाठोपाठ पुस्तके, वह्या, रंगपेट्या यांचा बांधलेला संच आला, 3,800 रुपयांचा. त्यातली रंगपेटी घरी होती, पण संच फोडून मिळत नव्हता. गणवेश दोन प्रकारचे, शिवाय खेळाच्या दिवसाचे पांढरे बूट, आणि हे सारे एकाच ठरावीक दुकानातून, त्याचे 2,900. मुलांना नेणारी व्हॅन महिना 1,200 रुपयांची. तिचे पैसे दिवाळीच्या सुटीतही द्यायचे होते आणि एकूण अकरा महिन्यांचे घ्यायचे ठरले होते, म्हणजे 13,200. स्नेहसंमेलनाचा भाड्याचा पोशाख आणि छायाचित्रे मिळून 1,850. उरले ते 'दिवस'. मोबाईलवरील पालकांच्या गटात रात्री दहा वाजता निरोप येई : 'उद्या पिवळा दिवस. पिवळे कपडे, पिवळे फळ व एक पिवळी वस्तू पाठवावी.' एवढ्या रात्री पिवळा सदरा कुठून आणावा? शेवटी आमच्या एका जुन्या पितांबराच्या काठाचा सदरा शिवून ती वेळ निभावली. पण लाल दिवस, हिरवा दिवस, जन्माष्टमीची बासरी व मोरपीस, थर्माकोलचे घर, असे करीत वर्षाकाठी त्यातही 2,750 रुपये गेले.

मार्चअखेर आम्ही जुन्या सवयीने वही काढून बेरीज केली. सांगितलेले 41,000, न सांगितलेले 29,000, एकूण 70,000. म्हणजे ठरल्या रकमेवर शंभराला सत्तर रुपये अधिक. या प्रत्येक रकमेची चिठ्ठी वेगवेगळी आल्यामुळे एकेक पाहता ती फारशी टोचली नव्हती. ठेवीचे पैसे जुलैतच संपले होते. पुढचे सारे महिन्याच्या पगारातून गेले, आणि सूनबाईने दिवाळीला मोडायची ठरविलेली गरज, म्हणजे तिचे दुखरे दात, पुढच्या वर्षावर ढकलली. ही गोष्ट तिने आम्हांला फार उशिरा सांगितली.

पैशाखेरीज अटी होत्याच. डब्याचा तक्ता होता : सोमवारी पास्ता, बुधवारी सँडविच. थालीपीठ आणि तूप-गुळाची पोळी त्यात कुठेच नव्हती. 'मुलाने स्वतः केलेले' म्हणून जे चित्रकाम मागवीत, ते आई-वडिलांनी मध्यरात्रीपर्यंत जागून करावे अशीच त्याची रचना होती. आणि ऑक्टोबरात एक सूचना आली, जिने आम्ही खरोखर हादरलो : 'मूल वर्गात घरची भाषा बोलते. कृपया घरी इंग्रजीच बोलावे.'

आमच्या घरात तीन पिढ्या बडोद्यात गेल्या. शेजाऱ्यांशी गुजराती, बाजारात गुजराती-हिंदी, आणि उंबऱ्याच्या आत मराठी, हा क्रम कधी कुणी लिहून दिला नव्हता, पण तो मोडलाही नव्हता. आता तीन वर्षांच्या मुलाशी त्याच्या आजीने कोणत्या भाषेत बोलावे, हे चिठ्ठी ठरविणार होती. आठवडाभर सूनबाईने प्रयत्न केला. नातू तिच्याकडे टकमक पाही आणि मग आजीकडे येऊन हळूच विचारी, "आई रागावली आहे का?" त्या रात्री आम्ही ठरविले, की या खर्चाला मात्र आपण नकार द्यायचा.

हे सारे अपरिहार्य आहे, असे कुणी म्हणेल. इतिहास तसे सांगत नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले, ते सान लोरेन्झो या गरीब वस्तीतल्या कामकऱ्यांच्या मुलांसाठी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम आरंभिले, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि अनुताई वाघ यांच्यासह शंख-शिंपले, पाने, बिया, खडे यांतून आदिवासी मुलांसाठी शिक्षणाची साधने उभी केली. 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाईंचाच. आपल्या बडोद्यात तर श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो सबंध संस्थानाला लागू केला. बालशिक्षण महागच असते असे या मंडळींपैकी कुणीही मानले नव्हते.

आजचे सरकारी धोरणही वेगळे सांगत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आहे. त्यावर आधारलेला 2022 चा अभ्यासक्रम आराखडा म्हणतो, की तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तके लावू नयेत, आणि शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावे. तेव्हा पुस्तकांचा सक्तीचा संच आणि 'घरी इंग्रजी बोला' ही चिठ्ठी, दोन्ही या आराखड्याच्या विरुद्ध जातात. हे माहीत असलेला पालक निदान संकोचाने तरी गप्प बसत नाही.

कायद्याचा आधार कितपत, हेही पाहावे. गुजरातेत 2017 साली स्वनिर्भर शाळांच्या शुल्कनियमनाचा कायदा झाला व त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. प्राथमिक वर्गांसाठी आरंभी वर्षाला 15,000 रुपयांची मर्यादा ठरली. तिच्यावर जाऊ इच्छिणाऱ्या शाळेने विभागीय समितीपुढे हिशेब मांडून मंजुरी घ्यावयाची. या चार विभागांपैकी एक बडोद्याचा आहे. मध्य प्रदेशातही 2017 चा कायदा व 2020 चे नियम आहेत. वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करावयाची तर तेथे परवानगी लागते. जबलपुरात मे 2024 मध्ये अकरा खाजगी शाळांवर याच कारणावरून गुन्हे नोंदले गेले. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र शाळेला जोडलेला बालवर्ग वेगळा आणि बंगल्यात चालणारा स्वतंत्र खेळगट वेगळा. शाळांचा कायदा खेळगटालाही लागतो असे गृहीत धरून चालू नये. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने देणगी आणि प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची परीक्षा यांना मनाई केली आहे, पण त्या कायद्याचे 'बालक' सहा ते चौदा वर्षांचे आहे. म्हणून बालवर्गाच्या दारात आपले पहिले संरक्षण म्हणजे आपण आधी विचारलेले प्रश्न.

ते प्रश्न आता आमच्या वहीत लिहिलेले आहेत. वर्षभरात याखेरीज कोणकोणत्या रकमा घेतल्या जातील, त्यांची यादी लेखी मिळेल का? संच व गणवेश बाहेरून घेता येतील का? व्हॅनचे पैसे किती महिन्यांचे? मध्येच मूल काढले तर काय परत मिळते? पावतीवर शिकवणी शुल्क वेगळे दाखविले जाईल का? या शेवटच्या प्रश्नाला व्यावहारिक अर्थ आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत बालवर्गाच्या शिकवणी शुल्कावर दोन मुलांपर्यंत सवलत मिळते. विकास शुल्क व देणगी यांवर मिळत नाही. तसेच शालापूर्व शिक्षणाच्या शुल्कावर वस्तू व सेवा कर नाही. पावतीत तो दिसला तर कारण विचारावे.

आणखी एक हिशेब वयाचा. गुजरातेत 2023 पासून 1 जूनला सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाच पहिलीत प्रवेश मिळतो. नियम मुलाच्या हिताचाच आहे, परंतु पावसाळ्यात जन्मलेल्या मुलांना तीनऐवजी चार वर्षे बालवर्गात काढावी, असे सुचविणाऱ्या शाळा आम्ही पाहिल्या. ते चौथे वर्ष विकत घेण्याची सक्ती नाही. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, तेथे ते घरीच सुखाने जाते.

आमच्या कहाणीचा शेवट फार नाट्यमय नाही. आम्ही सात घरे मिळून, त्यांत मराठी दोन, गुजराती चार आणि सिंधी एक, मुख्याध्यापिकांना पत्र दिले. भाषेची सूचना सर्वांनाच आली होती, हे तेव्हाच कळले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. भाषेची चिठ्ठी त्यांनी मागे घेतली, डब्याचा तक्ता ऐच्छिक केला, आणि पुढील वर्षाच्या रकमांची यादी एप्रिलमध्येच लेखी दिली. घेतलेले पैसे काही परत मिळाले नाहीत. पण त्या सात घरांनी एक पत्र्याची पेटी केली आहे. तिच्यात पिवळे, लाल, हिरवे सदरे, कृष्णाचा मुकुट आणि मोरपिसे असतात, आणि ज्याला लागतील तो घेऊन जातो.

सूनबाईच्या दातांचे काम या उन्हाळ्यात झाले. नातू डब्यातून थालीपीठ नेतो, आणि त्याच्या शेजारच्या गुजराती मुलाने परवा घरी जाऊन आईकडे थालीपीठ मागितले, असे त्या आईनेच आम्हांला फाटकाशी थांबून सांगितले.