आइसवाइनसोबत गोड काय खावं?

कॅनडातल्या नायगारा भागात आइसवाइनसाठी द्राक्षं वेलीवरच गोठू देतात. पारा उणे 8 अंशांवर किंवा खाली उतरला की तोडणी, आणि गोठलेली असतानाच दाबणी. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, उतरतो तो दाट, मधाळ रस. तोही थोडाच, म्हणून बाटल्या बहुधा 375 मिलीच्या आणि महाग.

गार करून छोट्या ग्लासात घ्या. विडाल द्राक्षाच्या वाइनला जर्दाळू, लिचीचा वास येतो. मागून येणारा आंबटपणा तोंड स्वच्छ करतो. तोच तिचा प्राण!

सोबतचं गोड वाइनपेक्षा कमी गोड हवं. गुलाबजामपुढे ती आंबट, पाणचट लागते. पीचचा टार्ट, साधा चीजकेक उत्तम. काबर्ने फ्रँकच्या लालसर आइसवाइनला डार्क चॉकलेट. माझी सर्वांत आवडती जोडी मात्र खारट ब्लू चीजची. नक्की करून बघा.