तक्रार आणि चहाडी

व्याख्यानमालेच्या या मांडवात दरवर्षी मोठमोठे विषय येतात. संतवाङ्मय होते, इतिहास होतो, देशाचे अर्थकारण होते. आम्ही मात्र आज असा प्रश्न पुढे ठेवणार आहोत, की जो सांगली–कोल्हापूर रस्त्यावर आपल्यापैकी प्रत्येकाला आठवड्यातून एकदा तरी भेटतो. गाडी चालविणारा मनुष्य एका हाताने फोन कानाला लावून बोलत आहे, हे आपण डोळ्यांनी पाहतो. त्याची तक्रार करावी की करू नये?

विचारल्याबरोबर उत्तर येते, की अर्थातच करावी. परंतु प्रत्यक्षात करणारा विरळा. कोणी म्हणतो, आपल्याला काय करायचे आहे; कोणी म्हणतो, पोलीस ठाण्याची पायरी नको; आणि कोणी म्हणतो, बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय द्यावा? यातले तिसरे उत्तर आम्हाला सर्वांत जड जाते, आणि त्याचे कारण आमच्या धंद्यात आहे.

आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ सूतगिरणीच्या आणि वाहतुकीच्या कामगारांत वावरलो. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि संघटनेच्या बैठकांत झाले. त्या शाळेतला पहिला धडा असा, की सोबत्याची गोष्ट वरच्याच्या कानावर घालू नये. जो घालतो तो चहाडखोर. त्याच्याशी कोणी चहासुद्धा घेत नाही. हा धडा खोटा नाही. त्याच्याच बळावर संघटना उभ्या राहिल्या. म्हणून एखाद्या ड्रायव्हरविरुद्ध कागद लिहिताना आमचा हात अडखळतो, हे आम्ही लपवीत नाही.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वेळी आम्ही सांगलीहून वडापच्या जीपने गावी येत होतो. चालविणारा तरुण आमच्या ओळखीचा; त्याचा बाप आमचा जुना सभासद. अंकलीचा पूल ओलांडला आणि त्याचा फोन वाजला. त्याने तो घेतला, आणि एका हाताने स्टिअरिंग धरून बोलू लागला. शेजारी एक म्हातारी बाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. उदगावजवळ उसाने भरलेले दोन ट्रेलर ओढीत एक ट्रॅक्टर पुढे चालला होता. त्याच्या मागे लाल दिवा नव्हता. जीपने त्याला हातभर अंतरावरून चुकविले आणि पलीकडून येणारा एक सायकलवाला रस्ता सोडून खाली मातीत उतरला. कोणाला काही झाले नाही. आम्ही जयसिंगपुरात उतरलो, पैसे दिले आणि एक शब्द न बोलता घरी आलो. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, ती भीतीने नव्हे. ज्या तोंडाने आम्ही गेटवर तास तास भाषणे करतो, ते तोंड जीपमध्ये का उघडले नाही, या विचाराने.

येथे थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर तोडते. फोनवर कोणाचे नाव आले हे पाहण्यास चार सेकंद लागले, असे धरा. तेवढ्यात गाडी ६६ मीटर, म्हणजे दोनशे फुटांहून जास्त पुढे गेली, आणि तेवढा रस्ता कोणी पाहिलाच नाही. त्या दोनशे फुटांत शाळेचे फाटक असू शकते.

काही ड्रायव्हर म्हणतात, आमची नजर रस्त्यावरच असते, आम्ही फक्त बोलतो. परंतु पाहणे हे काम डोळ्यांइतकेच मनाचेही आहे. मन संभाषणात गुंतले, की समोरची वस्तू डोळ्यांवर उमटते, पण उमजत नाही. कॅनडातील टोरोंटो येथे रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या आणि १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यांना आढळले. आणि हात मोकळे ठेवणारे यंत्र वापरल्याने तो कमी झाल्याचे दिसले नाही. कोणी विचारील, मग शेजारच्या उतारूशी बोललेले कसे चालते? शेजारचा उतारू रस्ता पाहतो. समोर बैलगाडी आली की आपण होऊन गप्प होतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला बैलगाडी दिसत नाही.

आता कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात धोकादायक चालविण्याची व्याख्या आहे. २०१९ साली संसदेने केलेल्या दुरुस्तीने चालविताना हातात फोन वापरणे हे त्या कलमात स्पष्ट शब्दांत घातले. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुढे २०२० साली नियमांत फक्त रस्ता शोधण्यापुरती, आणि तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, सवलत ठेवली गेली. म्हणजे ही नुसती वाईट सवय नाही, गुन्हा आहे.

तरीही पोटाचा प्रश्न शिल्लक राहतोच. त्यासाठी आपल्याच राज्यातले एक उदाहरण घेऊ. मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला जाणाऱ्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालविताना फोनवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रण करून ते परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडे पाठविले. चालक खाजगी कंपनीने नेमलेला होता. त्याची नोकरी गेली, आणि कंपनीला पाच हजार रुपये दंड झाला. हे वाचून आमच्या मनात दोन विचार एकदम आले. पहिला असा, की त्या प्रवाशाने योग्य केले. बसमध्ये बसलेल्या एकानेही आपला जीव सामन्यावर लावण्यास संमती दिलेली नव्हती. दुसरा असा, की चालकाचा संसार आणि कंपनीचे पाच हजार हे एका तराजूत घातले, तर पारडे कोणीकडे झुकते? चूक चालकाची होती, हे खरेच. परंतु त्याला शिकविण्याची, त्याच्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी ज्याची, तो किती स्वस्तात सुटला!

हे दोन्ही विचार एकत्र बाळगता येतात, असे आमचे मत आहे. शिक्षा बेताची असावी, मालकालाही जाब विचारला जावा, यासाठी भांडणे हे संघटनेचे काम. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाला दिवसाला आठ तासांची आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण खाजगी गाडीवर ती किती पाळली गेली, हे ड्रायव्हरच्या बायकोला विचारावे. पुष्कळदा तो फोन मालकाचाच असतो. "कुठं पोचलास? अजून का नाही?" फोन उचलला नाही तर शिव्या, उचलला तर दंड. तेव्हा गाडी चालू असताना ड्रायव्हरला फोन न करणे, हा नियम प्रथम मालकांना लागू व्हावा, आणि घरच्यांनाही. परंतु ही सगळी भांडणे संपेपर्यंत म्हातारीने आणि तिच्या नातीने जीव मुठीत धरून बसावे, असे आम्ही म्हणू शकत नाही.

मग चहाडी आणि तक्रार यांत फरक कोणता? आम्ही तो तीन प्रश्नांनी ठरवितो. एक, या कृत्याची किंमत कोण देतो? सोबती दहा मिनिटे उशिरा आला, तर नुकसान मालकाच्या हिशेबात पडते. ते मालकाच्या कानी घालणे ही चहाडी. ड्रायव्हरच्या फोनची किंमत सायकलवाला देतो, आणि तोही बहुधा कामावरून घरी जाणारा कामगारच असतो. दोन, सांगणाऱ्याला त्यातून काय मिळते? बढती, बक्षीस किंवा जुन्या वैराचे उट्टे मिळत असेल, तर हात आखडावा. तीन, आधी तोंडावर सांगितले काय? पाठीमागे बोललेले ते चहाडीकडे झुकते. तोंडावर बोलून पुढे केलेली ती तक्रार.

यातूनच आचरणाचा क्रम निघतो. गाडीत असताना प्रथम बोलावे, आणि ओरडून बोलू नये. दचकलेला ड्रायव्हर आणखी धोक्याचा. "मामा, गाडी कडेला घ्या नि निवांत बोला, आम्ही थांबतो," एवढे पुरते. एकाने तोंड उघडले, की बाकीचे पाठीशी उभे राहतात. ऐकले नाही, तर गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ आणि दिशा टिपून घ्यावी. एस.टी. असेल तर आगारप्रमुखाकडे द्यावे. इतर गाड्यांसाठी वाहतूक पोलीस आहेत. छायाचित्रासह तक्रार पाठविण्यास त्यांचे 'महाट्रॅफिक' हे अ‍ॅप आहे. धोका तत्काळ असेल तर ११२ क्रमांक. मात्र स्वतः गाडी चालवीत असताना दुसऱ्याचे छायाचित्र काढू नये; तो चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याहूनही विचित्र प्रकार होईल. आणि ते चित्र गावभर पाठवून त्या माणसाची धिंड काढू नये. आपल्याला धोका थांबवायचा आहे. त्याच्या मुलांना शाळेत मान खाली घालायला लावायचे नाही.

शेवटची एक गोष्ट फार महत्त्वाची. वडापवाल्याची तक्रार करायला सगळे पुढे होतात. काचा काळ्या असलेली मोठी गाडी दिसली की सगळ्यांची मुंडकी दुसरीकडे वळतात. ज्याला फक्त दुबळ्याचा गुन्हा दिसतो, त्याने नागरिक-कर्तव्याच्या गोष्टी सांगू नयेत.

आता त्या तरुणाचे काय झाले, हे सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला स्टँडवर गाठून बोललो. त्याने कान पकडले. महिन्याभराने तो पुन्हा तसाच दिसला. पुन्हा सांगितले, तेव्हा हसला. तिसऱ्या वेळी आम्ही मालकाकडे न जाता वाहतूक पोलिसांकडे अर्ज दिला, आणि अर्जाखाली आपले नाव लिहिले. त्याच्या बापालाही त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगितले. मुलाचा परवाना काही काळ निलंबित झाला. त्या काळात त्याला दुसरे काम मिळवून देण्यासाठी आम्ही चार ठिकाणी हिंडलो. एका ठिकाणी मिळाले. बाप मात्र वर्षभर आमच्याशी बोलला नाही. बैठकीला येई, मागे बसे आणि उठून जाई. ते वर्ष आम्हाला जड गेले.

आज तो मुलगा पुन्हा जीप चालवितो. आम्ही गाडीत असलो, की तो फोन काढून समोरच्या कप्प्यात ठेवतो. आम्ही नसताना काय करतो, हे त्याच्या गाडीत बसणाऱ्या आपल्यापैकी कोणीतरी पाहिले पाहिजे, आणि वेळ आली तर बोलले पाहिजे.