इंजिनाची कुरकुर

घरच्या मोटारीचा आवाज एकाएकी वाढला म्हणजे गृहस्थाच्या मनात पहिला विचार येतो तो खर्चाचा. सरकारी बदलीने तंजावूरला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मला याचा अनुभव आला. आमची गाडी सात आसनांची, डिझेलवर चालणारी. दर रविवारी मातोश्रींना व मुलांना घेऊन तिरुवैयारूला कावेरीच्या घाटावर जावयाचे, हा आमचा परिपाठ. वाटेत वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी या नद्यांचे पूल लागतात. त्या प्रत्येक पुलाच्या चढावर गाडी ‘फस्‌ फस्‌’ करू लागली आणि मागल्या आसनावरील मातोश्री, डोके दुखते म्हणून काच खाली करू लागल्या. एका मोठ्या कार्यशाळेत गाडी दाखविली. तेथे पाहताक्षणीच, इंजिन खोलावे लागेल, असा निर्णय मिळाला व त्यासोबत माझ्या दोन महिन्यांच्या वेतनास गिळून टाकील असा आकडाही मिळाला.

निरुपायाने मी नागपट्टणमच्या रस्त्यावरील एका लहानशा गॅरेजात गेलो. तेथील वृद्ध मिस्त्रीने बॉनेटला हातही न लावता विचारले, “सत्तम्‌ एप्पो वरुदु, सार?” म्हणजे, आवाज केव्हा येतो? तमिळमधले हे ‘सत्तम्‌’ आपल्या ‘शब्दा’चेच रूप. शब्द ऐकावयाचा तो अर्थासाठी. मिस्त्रीचा प्रश्न मला एकदम पटला, तो या व्युत्पत्तीमुळेही असेल.

आता डिझेल इंजिन हे मुळातच मुके नव्हे. रुडॉल्फ डीझेल यांचे इंजिन 1897 साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यातील तत्त्व आजही तेच आहे. ठिणगी नाही. हवा मूळच्या सुमारे सोळाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, ती इतकी तापते की तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. मात्र फवारा सुटणे आणि पेट घेणे यांमध्ये एक अतिसूक्ष्म विलंब असतो. त्या विलंबात साचलेले इंधन एकदम भडकते; त्याचीच ती परिचित टकटक. इंजिन थंड असताना विलंब वाढतो, म्हणून सकाळी गाडी अधिक खडखडते. नव्या इंजिनांत मुख्य फवाऱ्याच्या आधी इंधनाचा एक चिमूटभर फवारा सोडून हा धक्का सौम्य केलेला असतो. तेव्हा सकाळची खडखड गाडी तापल्यावर ओसरत असेल, तर बहुधा चिंतेचे कारण नाही.

चिंता करावयाची ती नव्या, आजवर न ऐकलेल्या आवाजाची. मिस्त्रीच्या प्रश्नांना एक क्रम होता. गाडी उभी ठेवून इंजिनाची गती वाढविली, तर आवाज वाढतो काय? वाढत असेल तर दोष इंजिनाकडे. गाडी धावतानाच येत असेल तर चाके, टायर, बेअरिंग यांकडे पाहावे. चढावर, ओझ्याखाली वाढतो काय? टकटक इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या गतीने पडते की पूर्ण गतीने? झडप क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडते, म्हणून झडपांची टिकटिक निम्म्या गतीची. खालून येणारा जड ठोका मात्र पूर्ण गतीचा, आणि तो खरोखर भयाचा. चीत्कार असेल तर पट्ट्याचा. त्यावर थोडे पाणी शिंपडून तो क्षणभर बदलतो का पाहावे. उभ्या गाडीची सारी काया थरथरत असेल, तर इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसविलेले असते त्या खचल्या असण्याचा संभव अधिक. या सर्वांआधी डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहावी, हे सांगावयास नको. परंतु मी स्वतः ती पाहिली नव्हती, म्हणून सांगतो. तेलाचा तांबडा दिवा लागला तर मात्र ऐकत बसू नये, इंजिन तत्क्षणी बंद करावे.

एवढे झाल्यावर मिस्त्रीने एक लांब पेचकस घेतला, टोक इंजिनास टेकविले आणि मूठ कानाशी धरली. 1816 साली पॅरिसमध्ये लायनेक या वैद्याने कागदाची नळी करून रोग्याची छाती ऐकली, त्यातलाच हा प्रकार. याच गावात फणसाच्या लाकडाची वीणा घडविणारे कारागीर लाकडावर टिचकी मारून त्याचा कस ओळखतात. ऐकण्याची ही विद्या येथील मातीत असावी, असे मला त्या वेळी वाटून गेले. तिसऱ्या इंजेक्टरपाशी तो थबकला. त्याच्या बुडाभोवती डांबरासारखे काळे किटण साचले होते. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर निकामी होऊन पेटलेला वायू तेथून फसफसत बाहेर पडत होता आणि काचेच्या पायथ्याशी असलेल्या हवेच्या वाटेने गाडीत शिरत होता. मातोश्रींच्या डोकेदुखीचा उगम तेथे होता.

इंजेक्टर काढून बैठक घासून साफ केली, नवा वॉशर बसविला, आवळण्याचा बोल्टही नवा घातला व तो मापाच्या पान्याने ठरलेल्या जोराइतकाच आवळला. हे किटण महिनोन्‌महिने साचू दिले असते, तर इंजेक्टर जागीच जखडला असता, आणि मग खर्चाचा तो मोठा आकडा खरा ठरला असता.

गाडीवाले पुष्कळदा बॉनेटखाली जाड नमदा लावून घेतात. मूळचा सौम्य आवाज आणखी मंद करावयास तो ठीक आहे. पण दोष असताना तो लावणे म्हणजे स्वतःच्या कानात बोळे घालणे होय. शिवाय आवाजाचे गणित फसवे असते. सारख्याच जोराचे दोन आवाज होत असतील आणि त्यांतला एक पुरता बंद केला, तरी मापात केवळ तीन डेसिबेल कमी होतात. कानाला फरक जेमतेम जाणवतो. यास्तव सर्वांत मोठा आवाज कोणता, हे आधी शोधावे लागते.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा तिरुवैयारूला गेलो. कुडमुरुट्टीच्या पुलावर मी कान टवकारून बसलो होतो. मागून मातोश्रींनी काच वर केली. डाव्या मागील चाकातून मात्र एक बारीक घुमणे ऐकू येत होते. ते बहुधा आजवर त्या फसफशीखाली दडलेले असावे.