घोड्याला जात कळत नाही, हात कळतो

घोडा हा आपल्या तारकर्लीचा प्राणी नव्हे. इथे होडी, रापण आणि माड. पूर्वी अरबस्तान आणि इराणकडून जहाजांतून आलेले घोडे चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांवर उतरत आणि घाट चढून बहामनी आणि विजयनगरच्या फौजांत जात. कोकणाने घोडा उतरवून घेतला, पण ठेवून घेतला नाही. दमट हवा, भाताचे चिखल, कातळाचे सडे आणि अरुंद पाणंदी, यात त्याचे काय काम? शेजारच्या गोव्यात डिचोली-सत्तरीकडे शिगम्याला घोडेमोडणी नाचते, तो घोडाही लाकडाचाच असतो.

मग आपल्या कौटुंबिक पानावर घोड्याचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की घोड्याच्या पाठीवर कोणी बसायचे आणि घोड्याची लीद कोणी काढायची, हा प्रश्न नुसत्या खेळाचा कधीच नव्हता. तो आपल्या वाडवडिलांच्या दारापर्यंत येऊन गेलेला प्रश्न आहे.

पदक आले, पण कोठून?

२६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या चार स्वारांनी सांघिक सुवर्णपदक मिळवले. सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला ही त्यांची नावे. यातले हृदय छेडा आपल्या मुंबईचे. अश्वारोहणातील आशियाई सुवर्ण भारताकडे तब्बल ४१ वर्षांनी आले. दोनच दिवसांनी अनुष अगरवाला यांनी वैयक्तिक कांस्यपदकही मिळवले.

ज्या प्रकारात हे यश मिळाले त्याला ड्रेसाज म्हणतात. यात धावण्याची घाई नाही आणि उड्याही नाहीत. २० मीटर रुंद आणि ६० मीटर लांब मैदानात घोडा ठरलेल्या चाली करून दाखवतो. सरळ चाल, दुडकी, तिरकी चाल, जागच्या जागी वळणे. प्रत्येक चालीला पंच शून्य ते दहा गुण देतात. स्वाराने ओरडायचे नाही की लगाम खेचायचा नाही. पायाचा जरासा दाब आणि बोटांची हालचाल एवढ्यावर साडेचारशे-पाचशे किलोचे जनावर ऐकले पाहिजे. दुसरा प्रकार अडथळ्यांवरून उड्यांचा. तिथे दांडी पडली की चार दंडगुण. तिसऱ्या प्रकारात ड्रेसाज, रानातली दौड आणि उड्या अशा तिन्ही परीक्षा एकाच घोड्यावर द्याव्या लागतात. आपल्याकडे भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली मेख उचलण्याचा जुना खेळही आहे.

हे सारे खेळणारे बहुतेक लोक हौशी असतात. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अशा हौशी स्वारांचा ॲमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ साली स्थापन झाला. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे अशा क्लबांत येतात आणि त्यांना दुसरे आयुष्य मिळते. शर्यतीचा घोडा पाच-सहा वर्षांचा झाला की मालकाच्या लेखी बहुधा म्हातारा होतो, पण नीट सांभाळला तर तो पंचवीस वर्षेही जगतो. उरलेली वर्षे त्याने कोणाच्या भरवशावर काढायची? त्याचे उत्तर तबेल्यात मिळते.

तेवीस तासांचा हिशेब

आम्ही पडलो कारकून आणि त्यातून वाणिज्य शाखेचे. त्यामुळे कोणत्याही गोष्टीचा जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हाला ती कळत नाही. घोड्याचा जमाखर्च असा, की स्वार दिवसातून एक तास घोड्यावर बसतो आणि उरलेले तेवीस तास घोडा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतो. आपली होडी रात्री वाळूवर ओढून ठेवली की तिला चारा लागत नाही. घोड्याचे तसे नाही. त्याला रविवार नाही, दिवाळी नाही आणि मालकाची परीक्षाही ठाऊक नाही.

मोतद्दाराचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. आधी ठाणावरची लीद आणि ओली गवताडी काढायची, कारण ओल्यात उभे राहून खूर सडतो. मग पाणी. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. मग गवत आणि चंदी. चंदी एकदम द्यायची नाही, थोडी थोडी करून द्यायची. घोड्याचे पोट देहाच्या मानाने लहान आणि त्याला ओकारी होत नाही. चुकीचे खाणे आत गेले की ते उलटून पडत नाही, पोटशूळ उठतो आणि रात्रीत जनावर दगावते. म्हणून अनुभवी मोतद्दार रात्री घोड्याच्या कुशीला कान लावतो. आतड्याची गुरगुर ऐकू आली तर सारे ठीक, शांतता असेल तर डॉक्टरला निरोप.

त्यानंतर खरारा. खराऱ्याने अंग चोळताना कुठे सूज आहे, कुठे खोगिराने घासले आहे, कोणता पाय गरम लागतो, हे हाताला कळते. चारी खूर उचलून आतली घाण आणि खडे काढायचे. पाच-सहा आठवड्यांनी नालबंद येतो, कारण खूर आपल्या नखासारखा वाढतो. नालेचा एक खिळा चुकीच्या जागी बसला तर लाखांचा घोडा लंगडा होतो. स्वारी संपल्यावर स्वार टोपी काढून घरी जातो. घामाघूम घोड्याला मात्र श्वास शांत होईपर्यंत हाताने चालवत फिरवावे लागते.

ताळेबंदात घोडा मालमत्तेच्या बाजूला लिहितात. आमच्या मते तो जबाबदारीच्या बाजूला लिहावा. आणि ती जबाबदारी पार पाडणाऱ्याचे नाव कोठे लिहावे? निकालपत्रात स्वाराचे नाव छापतात, घोड्याचेही छापतात. मोतद्दाराचे नाव तिथे नसते. जागतिक अश्वारोहण महासंघाने २००९ पासून उत्तम मोतद्दाराला वार्षिक पुरस्कार देण्यास आरंभ केला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण ती किती उशिरा सुचली हेही पाहावे.

हौशी कोणाला म्हणायचे?

'हौशी' हा शब्द वरवर निरुपद्रवी दिसतो. त्याचा इतिहास तसा नाही. इंग्लंडमध्ये हेन्ली येथील प्रसिद्ध नौकास्पर्धेच्या १८७९ च्या नियमात कारागीर, यंत्रकामगार आणि मजुरी करणारा माणूस हौशी खेळाडू होऊच शकत नाही असे ठरवले होते. म्हणजे आमच्या तारकर्लीचा होडीवाला होडीच्या शर्यतीला अपात्र! हात राबतात म्हणून अपात्र. हा न्याय आपल्याला अनोळखी वाटत नाही.

घोड्याच्या खेळात तर याहून गंमत झाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लष्करी स्वारांपैकी फक्त अधिकाऱ्यालाच भाग घेता येई. स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्ण जिंकले. पुढे उघडकीस आले, की संघातला गेनाल पेर्सन हा मूळचा सार्जंट, त्याला स्पर्धेपुरती लेफ्टनंटची बढती दिली होती आणि नंतर काढून घेतली होती. झाले! १९४९ मध्ये स्वीडनचे सुवर्ण काढून फ्रान्सला दिले. पेर्सनची स्वारी चुकली नव्हती, त्याच्या घोड्याने चूक केली नव्हती. चुकली होती ती खांद्यावरची पट्टी. पुढे नियम बदलावा लागला. १९५२ मध्ये हेलसिंकीला तोच पेर्सन त्याच दोन सहकाऱ्यांसह उतरला आणि सुवर्ण घेऊन गेला. १९५६ मध्ये पुन्हा घेतले.

त्याच १९५२ साली ड्रेसाजमध्ये स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंचे पाय पोलिओने गुडघ्याखाली लुळे झाले होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना आधार लागे. त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून रौप्यपदक मिळवले. आज या खेळात स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या स्पर्धा नाहीत, एकाच मैदानात दोघेही उतरतात. हांगचौच्या संघातील दिव्यकृती सिंग अश्वारोहणासाठी अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. आपल्या मुलींना 'हे बायकांचे काम नव्हे' असे सांगणाऱ्यांनी हे वाचावे.

आणि १९८२ च्या दिल्ली आशियाडमध्ये भारताला वैयक्तिक सुवर्ण मिळवून देणारे रघुवीर सिंग कोण होते? ६१ कॅव्हलरीतले दफेदार. अधिकारी नव्हेत. ज्या पायरीवर पेर्सनला अडवले, जवळजवळ त्याच पायरीवरचा माणूस भारताचे सुवर्ण घेऊन आला.

गावगाड्यातला घोडा

आता आपल्या घरची गोष्ट. गावगाड्यात घोडा पाटला-देशमुखाच्या वाड्यापुढे असे. आलेल्या सरकारी पाहुण्याच्या घोड्याला गवत-पाणी पुरवणे हे वतनी महाराच्या कामांपैकी एक होते. घोड्याला खायला घालणारे हात चालत, पण त्याच घोड्यावर बसलेला तो माणूस चालत नसे. कायद्याने ही हीन वतने १९५८ साली रद्द केली. तरी आजही देशाच्या काही भागांत नवरदेवाने घोड्यावरून वरात काढली की दगड येतात. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी एका दलित तरुणाला आपली वरात पोलिसांच्या बंदोबस्तात काढावी लागली.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही घोड्याचा एक कटू प्रसंग आहे, तो त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९२९ साली सरकारी समितीच्या कामानिमित्त ते चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. बाबासाहेबांनी पायी जाऊ नये म्हणून आपल्याच एका बांधवाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याच्या जिवाची सुरक्षितता मागे पडली, असे त्यांनी त्या घटनेकडे पाहिले आहे.

आम्हाला या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. ज्याला हाकता येत होते त्याला जातीने हाकू दिले नाही. ज्याचे मन हाकायला तयार होते त्याला त्याच जातव्यवस्थेने कधी शिकू दिले नव्हते. घोड्याला टांग्यात कोण बसले आहे हे ठाऊक नव्हते. त्याला फक्त लगाम धरणारा हात नवखा आहे हे कळले. कौशल्य नाकारणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोणत्या ग्रंथात सापडेल?

मुलांसाठी वाटा

म्हणून आमचे म्हणणे असे, की घोडा हा श्रीमंतांचा शौक म्हणून सोडून देऊ नये आणि वरातीपुरताही ठेवू नये. युरोपात ठेवलेले घोडे आणि परदेशी प्रशिक्षण यांचा खर्च कष्टकरी कुटुंबाला झेपणारा नाही, हे खरे. पण दारे आणखीही आहेत. एनसीसीमध्ये रिमाउंट आणि व्हेटरनरी शाखा असते. ती पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी निगडित असून छात्रांना स्वारी शिकवते. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. बारावीला शास्त्र घेणाऱ्या मुलामुलींनी हा अभ्यासक्रम जरूर पाहावा. सैन्यातही रिमाउंट व्हेटरनरी कोर आहे. मुंबई पोलिसांनी १९३२ मध्ये बंद झालेले अश्वदल २०२० मध्ये पुन्हा उभे करायला घेतले. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोडा हे तिथले एक प्रमुख वाहन. तिथले अश्वपाल दिवसभर पर्यटकांना फिरवतात आणि हंगामात ऑलिंपिया मैदानावर तेच घोडे घेऊन शर्यतीतही उतरत आले आहेत. खरे हौशी स्वार आम्ही त्यांना म्हणू.

नालबंदी, खोगीरकाम, घोड्याची शुश्रूषा ही कामे हलकी नव्हेत. ती वेठ म्हणून लादली तर गुलामी, शिकून दाम घेऊन केली तर विद्या. फरक कामात नाही, करणाऱ्याच्या हक्कात आहे.

मायबहिणींना एक छोटी सूचना. महाराष्ट्राच्या अनेक किनाऱ्यांवर पर्यटकांसाठी घोडे फिरवतात. मुलाला बसवण्यापूर्वी घोड्याकडे नीट पाहा. पाठीवर जखम आहे का, पाय उचलून धरतो का, सावली आणि गोडे पाणी जवळ आहे का? भुसभुशीत वाळूत पळवल्याने त्याच्या पायाच्या शिरांवर ताण येतो. घोडा आजारी दिसला तर बसवू नका आणि घोडेवाल्याशी माणुसकीने बोला, कारण बहुधा तोही दिवसभर उपाशीच असतो. शक्य झाल्यास त्याचे आणि घोड्याचे नाव मुलाला विचारायला सांगा.

नाव विचारण्याचे महत्त्व आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ गौतम गृहत्याग करतो तेव्हा सेवक छन्न घरी परतायला तयार होत नाही आणि कंथक घोड्यासह अनोमा नदीच्या तीरापर्यंत त्याला पोचवायला जातो. अडीच हजार वर्षे झाली. किती राजांची नावे पुसली गेली! पण राजपुत्राचा घोडा कंथक आणि त्या घोड्याला धरून उभा असलेला छन्न, या दोघांची नावे आपल्या घरातली लहान मुलेही सांगतात.