वैद्याची कीर्ती आणि समाजमाध्यमे

पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे सह्याद्रीच्या कुशीतील गाव. तेथील रुग्णास मोठ्या उपचारासाठी पोलादपूर अथवा महाड गाठावे लागते. अशा डोंगराळ मुलखात वैद्याची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी पसरत आली. सांगणारा माणूस ओळखीचा असे. त्याला कोणता रोग होता, गुण किती दिवसांनी आला, पथ्य कोणते पाळले, हे त्याला उलटून विचारता येई. समाजमाध्यमांवरील कीर्तीतून नेमकी ही उलटतपासणी गळून पडली आहे.

याच परिसरातील एक उदाहरण, ते आपल्या शास्त्रातील नसले तरी, येथे नमूद केले पाहिजे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा कोकणात माणसे दगावत होती. त्यांनी रुग्णांशेजारी बसून लक्षणे टिपली, १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली आणि १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिनच्या उपयोगाविषयी लिहिले. पद्मश्री त्यांना २०२२ साली मिळाली. त्यांची कीर्ती ज्या लेखनावर उभी राहिली, ते कोणाही चिकित्सकाला तपासून खोडून काढण्यास मोकळे होते. आज विंचूदंशावर ‘हमखास’ लेप सांगणारी चित्रफीत कोणत्याही वाडीतील भ्रमणध्वनीवर पोहोचू शकते. लेप लावून वाट पाहण्यात रुग्णाचे जे तास जातील, त्यांचा जाब कोणाला विचारावयाचा?

चरकाचार्यांनी हा वर्ग फार पूर्वी ओळखला होता. सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात रोगाभिसरांचे वर्णन आहे. कोणी आजारी असल्याचे कळताच ते तेथे धावतात, ऐकू जाईल अशा स्वरात स्वतःचे गुण गातात, चालू चिकित्सकाचे दोष काढतात, रुग्णाच्या मित्रांना गोड बोलून वश करतात आणि आपल्याला फारशी अपेक्षा नाही असे भासवतात. गुण न आल्यास दोष रुग्णाच्या माथी. आजच्या प्रसिद्धीतंत्राचे वर्णन याहून नेमके आम्ही वाचलेले नाही. विमानस्थानातील शिष्योपदेशात तर ज्ञानी वैद्यानेही आपल्या ज्ञानाची अतिरिक्त बढाई मारू नये, असे सांगितले आहे.

कायदाही स्पष्ट आहे. औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, श्वित्र, लठ्ठपणा आदी व्याधी आहेत. त्या बऱ्या करणाऱ्या औषधाची जाहिरात करता येत नाही. जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी, इतकेच नव्हे तर धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. १९५४ च्या मसुदाकारांना धूर सुचला, हे विशेषच! नोंदणीकृत वैद्यास स्वतःच्या जागेत अमुक रोगावर उपचार होतात अशी पाटी लावण्याची मुभा आहे. परंतु फेसबुकचे पान म्हणजे दवाखान्याची भिंत नव्हे.

सर्वांत नाजूक प्रश्न अभिप्रायांचा. गूगलवर कोणी एक तारा देऊन चार कठोर वाक्ये लिहितो आणि वैद्याची झोप उडते. त्या अस्वस्थतेत ‘आपण भगंदरासाठी आला होतात, पथ्य पाळले नाहीत’ असे उत्तर लिहिले जाते. उत्तर खरे असेलही, पण त्याने रुग्णाची व्याधी गावभर झाली. रुग्णाच्या घरातील वृत्त बाहेर सांगू नये, हा दंडक त्याच शिष्योपदेशात आहे. रुग्णाने स्वतः लिहिले म्हणून वैद्य त्यातून मुक्त होत नाही. आमच्या मते उत्तर दोनच ओळींचे असावे: तक्रारीची दखल घेतली आहे, कृपया दवाखान्यात येऊन भेटावे. तो आपला रुग्ण होता, हेही त्यातून कबूल होऊ नये. अभिप्राय धडधडीत खोटा असल्यास गूगलकडे हरकत नोंदवावी आणि आपली नोंदवही सांभाळून ठेवावी. नातेवाइकांकडून पाच तारे लिहवून घेणे हा मात्र उपाय नव्हे, ती फसवणूकच होय. आधुनिक वैद्यकाच्या राष्ट्रीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये पसंतीच्या खुणा व अनुयायी विकत घेण्यास मनाई करणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. तरीही त्यांतील विवेक आपणांस घेता येईल.

औषधालयांच्या मालकांसाठी एक खुलासा. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीस पूर्वमान्यता सक्तीची करणारा औषध नियमांतील १७० वा नियम केंद्र शासनाने १ जुलै २०२४ रोजी वगळला. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑगस्ट २०२४ रोजी त्या निर्णयास स्थगिती दिली, तीही ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघताना उठली. याचा अर्थ आता काहीही छापावे, असा काही मंडळी लावत आहेत. १९५४ चा अधिनियम जागच्या जागी आहे. दुकानाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘मधुमेह मुळापासून’ असा मजकूर टाकणारा मालकही त्याच्या कक्षेत येऊ शकतो, आणि त्या मजकुराखाली वैद्याचे नाव व छायाचित्र असल्यास तो वैद्यही.